दुसरी भाषा कोणती? तौलनिक साहित्याविषयी वाचकांचे प्रश्न

बी.ए.चे निकाल लागले की भाषा आणि साहित्याच्या पुढच्या शिक्षणाविषयीची पत्रं वाढतात. या वेळी कोल्हापूर शहर, गारगोटी, गडहिंग्लज, इचलकरंजी, निपाणी या भागातून आलेल्या पत्रांत तौलनिक साहित्याची, म्हणजे दोन किंवा अधिक भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून केलेल्या अभ्यासाची, विचारणा बरीच आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मी बी.ए. मराठी झाले. तौलनिक साहित्यात एम.ए. करायची इच्छा आहे. शिवाजी विद्यापीठात मराठीला प्रवेश घ्यावा की बाहेरगावी जावं? घरचे विचारतात, पुढे नोकरीचं काय?
– एक विद्यार्थिनी, गारगोटी

उत्तर : आधी नोकरीचं बोलू, कारण बाकीचं त्यावर ठरतं. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा विषयवार निघतात. तौलनिक साहित्याच्या नावाने जागा निघणं फार विरळ. सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) अट अशी : संबंधित किंवा संलग्न विषयातली एम.ए., ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), शिवाय नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. मराठीच्या जागेसाठी तौलनिक साहित्याची एम.ए. 'संलग्न' धरायची की नाही हे छाननीच्या वेळी ठरतं, आणि अर्ज तिथेच अडकतात. त्यामुळे इकडच्या कॉलेजांत शिकवायचं असेल तर एम.ए. मराठीतच करा आणि तुलना पीएच.डी.साठी राखून ठेवा. ती दोन वर्षं दुसरी भाषा पक्की करण्यात घाला.

मराठीत एम.ए. केली म्हणजे या विषयाला मुकलो, असं समजू नका. मराठीत या अभ्यासाची स्वतःची परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोर यांच्या नावाचं तौलनिक साहित्याचं अध्यासन आहे. वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे तिथे प्राध्यापक होते. बापटांचं आणि आनंद पाटील यांचं या विषयावरचं लेखन मराठीत उपलब्ध आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात सुरुवात या लेखनापासूनच करा. इंग्रजीतली जाडजूड संपादनं नंतर वाचलीत तरी चालेल.

संशोधन, अनुवाद किंवा प्रकाशन व्यवसायाकडे ओढा असेल आणि घरापासून लांब राहायची तयारी असेल, तर मात्र बाहेर जाच. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला विभाग देशातला पहिला. बुद्धदेव बसूंनी तो १९५६ मध्ये उभा केला. दिल्ली विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा व साहित्याभ्यास विभाग तौलनिक भारतीय साहित्यात एम.ए. देतो. कोलकाता विद्यापीठात तौलनिक भारतीय भाषा आणि साहित्याचा वेगळा विभाग आहे. हैदराबाद विद्यापीठात आणि विश्वभारतीत या विषयाची केंद्रं आहेत. दिल्ली आणि कोलकाता विद्यापीठांत भर भारतीय भाषांवर असल्यामुळे मराठी चांगली येणं हे तिथे भांडवलच ठरतं. जादवपुरात भोवतालचं वातावरण बंगालीचं आहे. तिथे जायचं तर पहिल्याच सत्रात बंगाली लिपी शिकायची मनाची तयारी हवी.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेली काही वर्षं ती मार्चच्या सुमारास होते, म्हणजे अर्ज शेवटच्या सत्राची परीक्षा व्हायच्या आधीच भरायचा असतो. निकालानंतर जागे होणाऱ्यांचं वर्ष इथेच जातं. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं की १ वजा. कोणत्या एम.ए.ला कोणता पेपर चालतो त्याचा कोड त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतो. कोड चुकला तर गुण उत्तम असूनही अर्ज बाद होतो. म्हणून आधी विद्यापीठाचं माहितीपत्रक वाचा, मग परीक्षेचा अर्ज भरा.

प्रश्न : आमच्या घरी मराठी, पण बाजारात, शेतात, पाहुण्यांत कन्नड सर्रास चालतं. मला बोललेलं सगळं कळतं, बोलताही येतं, वाचता मात्र येत नाही. तौलनिक अभ्यासासाठी एवढं कन्नड पुरेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पुरणार नाही. पण जे अंतर उरलं आहे ते एका वर्षात कापता येण्यासारखं आहे, आणि तुमच्याजवळ जे आहे ते पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांत मिळत नाही. कानाला भाषा ओळखीची असणं ही फार मोठी गोष्ट आहे. गडहिंग्लज, चंदगड, कागल, शिरोळ या पट्ट्यातली मुलं हा ठेवा हिशेबातच धरत नाहीत आणि दुसरी भाषा म्हणून गुमान इंग्रजी लिहून मोकळी होतात, याचं वाईट वाटतं.

लिपीपासून सुरू करा. कन्नड वर्णमालेचा क्रम देवनागरीचाच आहे : क-ख-ग-घ, च-छ-ज-झ. 'ळ'सुद्धा आहे. त्यामुळे नवी अक्षरं शिकताना ध्वनी नव्याने शिकावे लागत नाहीत. अडखळायला होतं ते तीन ठिकाणी. एक, कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. आपण ते एकच समजून वाचतो आणि शब्द कोशात सापडत नाही. दोन, जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लटकवतात. त्याला ओत्तक्षर म्हणतात, आणि काही अक्षरांचं ओत्तक्षर मूळ अक्षरासारखं मुळीच दिसत नाही. ती वेगळी पाठच करावी लागतात. तीन, आपल्या रफाराच्या जागी येणारं अर्कावत्तु हे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर न बसता त्याच्या पुढे लिहिलं जातं, म्हणून उच्चार उलटा होतो. रोज ४० मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत दुकानांच्या पाट्या आणि बसवरची नावं न अडता वाचता यायला हवीत. निपाणी किंवा बेळगावला जाणं-येणं असेल तर सराव आपोआप होतो.

पुढचा टप्पा कोशाचा, आणि बहुतेक जण सोडून देतात तो इथे. कन्नडमध्ये प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि संधी होतात. 'मने' म्हणजे घर, 'मनेयल्लि' म्हणजे घरात, 'मनेगे' म्हणजे घराला, 'मनेयिंद' म्हणजे घरातून. कोशात फक्त 'मने' मिळेल. मराठीतही प्रत्यय असेच जोडले जात असल्याने तत्त्व आपल्याला परकं नाही, सवय तेवढी लागते. 'नानु ओदिद पुस्तक' म्हणजे 'मी वाचलेलं पुस्तक', शब्दांचा क्रम तोच. अशी वाक्यं मुद्दाम शोधून वहीत जोडीने लिहा. एका बाजूला कन्नड, समोर शब्दशः मराठी, तिसऱ्या रकान्यात तुमच्या बोलीतलं रूप. तिसरा रकाना टाळू नका. तुमच्या कानातलं कन्नड उत्तर कर्नाटकातलं आहे आणि छापील कन्नड बरंचसं प्रमाण आहे. हा फरक वहीवर उतरला नाही तर ओळखीचा शब्दही अनोळखी वाटत राहतो.

वाचनाचा क्रम : प्राथमिक शाळेची पुस्तकं, मग वर्तमानपत्रातल्या स्थानिक बातम्या, मग कथा, मग नाटक. नाटकात संवाद असल्याने तुमच्या कानाला ते कादंबरीपेक्षा सोपं जाईल. कविता सर्वांत शेवटी, एक अपवाद सोडून. द. रा. बेंद्रे यांचं कन्नड धारवाडी वळणाचं आहे. प्रमाण कन्नड शिकून आलेल्याला ते अवघड वाटतं, तुम्हाला कदाचित जवळचं वाटेल. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती, सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी कन्नड शिकवलं, मराठीतही लिहिलं, आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं ते कन्नड कवितेसाठी. उलट बाजूला, धारवाडात राहून मराठी कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी. या दोघांना शेजारी ठेवून पाहणारा विद्यार्थी या सीमाभागातूनच यायला हवा.

जुने शब्द अडले तर कित्तेल यांचा १८९४ चा कन्नड-इंग्रजी कोश अजूनही कामाचा आहे. औपचारिक प्रमाणपत्र हवं असेल तर २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली आहे. एक प्रत्यक्ष वर्गात, दुसरा ऑनलाइन किंवा दूरस्थ. दोन्ही वर्गातले असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत.

प्रश्न : वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी आणि गिरीश कर्नाडांचं 'ययाति' नाटक असा विषय लघुशोधप्रबंधासाठी सुचवला, तर 'हा घासून गुळगुळीत झालेला विषय आहे' असं ऐकावं लागलं. विषय सोडावा का?
– एम.ए. भाग दोन, इचलकरंजी

उत्तर : सोडू नका. गुळगुळीत झालं आहे ते मांडणीचं वळण. 'अमुक आणि तमुक : एक तौलनिक अभ्यास' या नावाखाली ठरलेली पाच प्रकरणं असतात. पहिल्यात लेखकाचं चरित्र, दुसऱ्यात दुसऱ्या लेखकाचं चरित्र, मग कथानकं, मग साम्यं, मग भेद. असा प्रबंध वाचून संपल्यावर एकच प्रश्न पडतो : हे दोघे शेजारी ठेवल्यामुळे असं काय दिसलं, जे एकेकटे वाचून दिसलं नसतं? त्याचं उत्तर तीन वाक्यांत देता आलं तर विषय तयार आहे.

तुमच्या विषयात पाहू. कादंबरी १९५९ ची, नाटक १९६१ चं. इतक्या जवळच्या तारखा पाहून पहिला मोह होतो तो प्रभाव शोधण्याचा. प्रभाव म्हणायचा तर पुरावा हवा : पत्र, मुलाखत, डायरी, निदान त्या काळात ते पुस्तक त्या लेखकाच्या हाती पडल्याची खूण. नुसतं साम्य हा पुरावा होत नाही, कारण दोघांचंही मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. साम्य तिथूनच आलेलं असू शकतं. कर्नाडांनी स्वतः या नाटकाबद्दल बोलताना राजगोपालाचारींच्या महाभारताचा आणि आनुईसारख्या फ्रेंच नाटककारांच्या वाचनाचा उल्लेख केला आहे. म्हणजे प्रभावाचा माग काढायचा तर वाट कोल्हापूरला न येता पॅरिसकडे जाते. तोही एक चांगला विषय आहे, पण त्याला फ्रेंच लागेल.

मग आधार काय धरावा? एकच कथाबीज दोन लेखकांनी कुठे वळवलं, ते ठिकाण धरा. खांडेकरांनी निवेदन ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यात वाटलं आणि कचाला नैतिक उंचीवर बसवलं. कर्नाडांनी पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला, मध्यभागी आणलं. नवऱ्याने वडिलांचं म्हातारपण स्वीकारल्यावर तिचं काय, हा प्रश्न ती थेट सासऱ्याला विचारते आणि शेवटी विष घेते. एकाकडे भोगाचा प्रश्न ययातीच्या मनात सुटतो, दुसऱ्याकडे त्याची किंमत दुसरंच कुणी मोजतं. तुमचा प्रश्न असा असू शकतो : त्यागाची किंमत कोण मोजतं, आणि ती मोजणाऱ्याला बोलायला किती जागा मिळते? आता चरित्राची प्रकरणं गळून पडतात आणि प्रत्येक पान या प्रश्नाला उत्तरदायी होतं.

एक अडचण उरते, आणि परीक्षक तीच विचारतील. इथे भाषाही बदलते आणि साहित्यप्रकारही बदलतो. जो फरक दिसतो तो कन्नड-मराठीमुळे, लेखकामुळे, की कादंबरी आणि नाटक यांच्या बांधणीमुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण सांगता येत नाही. त्यावर उपाय आहे : वि. वा. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' हे मराठी नाटक तिसरा कोन म्हणून घ्या. खांडेकर आणि शिरवाडकर यांच्यात भाषा तीच, प्रकार वेगळा. शिरवाडकर आणि कर्नाड यांच्यात प्रकार तोच, भाषा वेगळी. जो फरक फक्त पहिल्या जोडीत दिसतो तो बहुधा प्रकारामुळे, जो फक्त दुसऱ्या जोडीत दिसतो तो बहुधा भाषेमुळे, आणि जो दोन्हींत दिसतो तो लेखकामुळे असू शकतो. एवढं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलंत तर विषय गुळगुळीत आहे असं कुणी म्हणणार नाही. मात्र तीन कृती झाल्यामुळे व्याप्ती आवरा. प्रत्येक कृतीतले तीन-चार प्रसंग निवडा आणि निवडीचं कारण लिहा.

कोणती प्रत वापरता हे पहिल्याच पानावर नोंदवा. कर्नाडांनी स्वतः केलेलं इंग्रजी रूप २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, मूळ नाटकानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. इंग्रजीवरून उतारे घेऊन '१९६१ सालचे कर्नाड' असं लिहिणं म्हणजे सत्तरीतल्या लेखकाचे शब्द तेविशीतल्या लेखकाच्या तोंडी घालणं. आणि तुम्ही कोल्हापूरच्या जवळ आहात याचा फायदा घ्या : शिवाजी विद्यापीठाच्या आवारात खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. सिनॉप्सिस देण्याआधी ते एकदा शांतपणे पाहून या.

प्रश्न : अनुवाद वाचून तुलना केली तर चालते का?
– दोन पत्रं, कोल्हापूर आणि निपाणी

उत्तर : एम.ए.च्या पेपरसाठी चालते. लघुशोधप्रबंधातही चालते, पण तेव्हा शैली, लय, प्रतिमा, शब्दकळा यांवर विधानं करू नका. ती तुम्ही अनुवादकाबद्दल करत असता. कथानक, पात्ररचना, निवेदनाची जागा, समाजचित्र इथपर्यंत थांबा. पीएच.डी.ला मात्र किमान दोन भाषा मुळातून वाचता यायलाच हव्यात. अनुवाद थेट आहे की हिंदी-इंग्रजीमार्गे आला आहे, तेही तपासा. मराठीतली बरीच रशियन आणि फ्रेंच पुस्तकं इंग्रजीतून आलेली आहेत, आणि अशा वेळी तुमच्या हातात तिसरी प्रत असते. उपाय साधा आहे : ज्या चार-पाच उताऱ्यांवर तुमचा युक्तिवाद उभा आहे तेवढे तरी मुळाशी ताडून घ्या. त्यासाठी ती भाषा जाणणाऱ्या कुणाची मदत घेतली तर तसं नमूद करा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझी एम.ए. मराठीत आहे. नेट तौलनिक साहित्यात देता येईल का? आणि पीएच.डी.ला पेट (विद्यापीठाची प्रवेश परीक्षा) की नेट?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नेटच्या यादीत तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक ७२. मराठीचा ३८. पण ज्या विषयात एम.ए. आहे त्यातच नेट द्यावी, अशी सूचना माहितीपत्रकात असते. एम.ए.चा विषय यादीतच नसेल तर जवळचा घेता येतो. तुमचा विषय यादीत आहे, शिवाय मराठीच्या जागेला मराठीतली नेटच उपयोगी पडते. तेव्हा ३८ घ्या. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला २ गुण, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. साहित्याच्या विद्यार्थ्यांचे गुण पहिल्या पेपरात जातात : आकडेवारीचं आकलन, तर्क, संशोधन पद्धती. त्याला रोज अर्धा तास वेगळा द्या.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात : जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. जेआरएफ नसेल तर प्रवेशाला नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. विद्यापीठ स्वतःची पेट घेतं की नेट धरतं, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावं. जेआरएफला वयाची मर्यादा ३० आहे (राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत). सेटला वयाची मर्यादा नाही, पण तिच्यावर फेलोशिपही नाही. फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. योजना पाहा. त्या नोंदणी झाल्यावर मिळतात, म्हणून नोंदणीचं पत्र आणि त्यावरची तारीख जपून ठेवा. एम.फिल. २०२२ च्या नियमावलीने बंद झाली आहे. कुणी 'आधी एम.फिल. करा' असा सल्ला देत असेल तर तो जुना समजावा.

प्रश्न : जर्मन बी-१ पर्यंत झालं आहे. जर्मनीत तौलनिक साहित्यात मास्टर्स करायचं तर काय तयारी लागेल? खर्च परवडेल का?
– एक विद्यार्थी, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : बी-१ या मधल्या पातळीवर साहित्याच्या वर्गात बसता येणार नाही. तिथे शिकवणं जर्मनमधून होतं आणि बहुतेक ठिकाणी सी-१ (प्रगत पातळी) च्या आसपासचा भाषा-परीक्षेचा दाखला मागतात : टेस्टडाफ परीक्षेचे चारही भाग चौथ्या पातळीवर, किंवा डीएसएच परीक्षेची दुसरी पातळी (डीएसएच-२). बी-१ पासून तिथवर जायला नेटाने दीड-दोन वर्षं धरा. त्यातही लेखन मागे राहतं, कारण क्लासमध्ये बोलणं आणि व्याकरण यांवर भर असतो. दर आठवड्याला एका कवितेवर किंवा कथेवर ३०० शब्दांची टिपणी जर्मनमध्ये लिहून तपासून घ्या.

कागदपत्रांत सर्वांत आधी एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, आणि त्याला लागणारा वेळ धरूनच पुढचं वेळापत्रक आखावं. विद्यापीठ तुमच्या बी.ए.त साहित्याचे किती क्रेडिट आहेत ते मोजतं, म्हणून प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम इंग्रजीत, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी तयार ठेवा. नुसत्या गुणपत्रिकेवर 'पेपर क्र. ७' एवढंच असलं तर त्यातून तिकडे काही कळत नाही.

खर्चाबाबत एक गैरसमज पक्का आहे : जर्मनीत फी नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत खरंच नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही साहित्यासाठी नावाजलेली विद्यापीठं याच राज्यात आहेत. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ ची, म्हणजे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्याच वयाची. भारतीय भाषांकडे ओढा असेल तर ती जरूर पाहा. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च ब्लॉक खात्यात (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आधी दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. पैसे तुमचेच असतात, पण एकदम उभे करावे लागतात. त्याची तजवीज सहा महिने आधी करा.

इंग्लंडमधली एम.ए. एका वर्षाची असते. १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० प्रबंधाचे. वेळ वाचतो, फी मात्र मोठी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात चुकवू नका. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीबाबत सावध राहा. २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. 'मराठी आणि कन्नड दलित आत्मकथनं' असा विषय घेऊन परदेशी जाणाऱ्याचा अर्ज त्यात अडकतो. हा नियम आम्हाला अन्यायाचा वाटतो, पण अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचून पर्याय हाताशी ठेवणं भाग आहे.

प्रश्न : एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने कोल्हापुरात ते कुठे करावं?
– एक विद्यार्थिनी, कळंबा

उत्तर : जुन्या ग्रंथालयात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. तिथे किंवा अशा एखाद्या वाचनालयात विभागाच्या पत्रानिशी विचारा. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, रोज तीन तास धरले तर ४० दिवस. काम नेमकं मागा : मराठीत आलेल्या अनुवादांची नोंदवही. पुस्तकाचं नाव, मूळ भाषा, कोणत्या भाषेमार्गे आलं, अनुवादक, प्रकाशक, साल, आवृत्ती. मुखपृष्ठावर मूळ भाषा बऱ्याचदा दिलेली नसते, ती प्रस्तावनेत सापडते. म्हणून प्रस्तावना उघडल्याशिवाय नोंद पुरी करू नका. रोजच्या कामाची तारीखवार सही घ्या. शेवटी एकदम सही मागायला गेलं की प्रमाणपत्र अडतं. ही नोंदवही तिसऱ्या आणि चौथ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पाला (४ अधिक ६ क्रेडिट) तयार सामग्री म्हणून वापरता येते. कोणत्या दशकात बंगालीतून किती आलं आणि कन्नडमधून किती, एवढं मोजलंत तरी प्रकल्पाचा कणा तयार होतो.

प्रश्न : शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) माझ्या विषयाचे मराठी प्रबंध शोधले, काहीच सापडत नाही. म्हणजे विषय नवा आहे ना? आणि साहित्यचौर्याची टक्केवारी कशी मोजतात?
– पीएच.डी. विद्यार्थी, सांगली

उत्तर : तेवढ्यावरून नवा म्हणू नका. अनेक जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. पीडीएफमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाला ती रोमन चिन्हं असतात, म्हणून देवनागरीत शोधलं तर हाती काही लागत नाही. शीर्षक रोमन लिपीत, दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधा. मग विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी वर्षवार चाळा. कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम आहे. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी विभागांच्या याद्याही पाहा. तौलनिक विषय तुमच्या विभागात नसला तरी समोरच्या विभागात झालेला असू शकतो.

तुमचा प्रबंध पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकवा. शेवटी फाँट बदलायला घेतला की रफार, 'र' ची जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी इकडची तिकडे होतात, आणि ती तपासण्यात महिना जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. योग्य संदर्भ दिलेली अवतरणं यातून वगळतात. तौलनिक प्रबंधात अवतरणं भरपूर असतात, म्हणून अवतरणचिन्हं आणि पृष्ठक्रमांक अचूक हवेत. दुसऱ्या भाषेतला परिच्छेद अनुवादित करून संदर्भाविना घेणं यंत्राला कदाचित सापडणार नाही. ते चौर्यच आहे, आणि परीक्षकाने मूळ पुस्तक वाचलेलं असण्याची शक्यता आपल्या विषयात मोठी असते.

प्रश्न : प्रबंधासाठी काही कन्नड कवितांचे मी स्वतः मराठी अनुवाद केले आहेत. ते परिशिष्टात देता येतील का? पुढे पुस्तक काढायचं आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : संशोधनापुरता वापर कायद्याला मान्य आहे, त्यामुळे विवेचनाला लागतील तेवढे अनुवाद प्रबंधात द्या, शेजारी मूळ ओळी देवनागरीत लिप्यंतर करून छापा. लिप्यंतरात ऱ्हस्व ए-ओ साठी एक खूण ठरवा आणि ती सुरुवातीलाच सांगा. पुस्तकाची गोष्ट वेगळी. अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा आणि त्याच्या मागे वारसांचा असतो. आपल्याकडे तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, टिकतो. बेंद्रे १९८१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेचा हक्क २०४१ अखेरपर्यंत आहे. परवानगी मागताना कोणत्या कविता, कोणत्या संग्रहातून, कोणत्या भाषेत, किती प्रती, छापील की डिजिटल हे सगळं एका पानात लिहा आणि अनुवादाचे दोन नमुने जोडा. प्रकाशकाकडे मूळ हक्क आहेत की वारसांकडे, हे आधी विचारा. कवितांच्या बाबतीत पुष्कळदा ते वारसांकडेच असतात, आणि प्रकाशकाच्या नुसत्या होकारावर पुस्तक छापायला घेतलं तर ते मध्येच थांबवावं लागू शकतं.